अकरा एकांचा भागाकार

पिंपरीच्या आमच्या कारखान्यात दोन प्रकारची माणसे होती: ज्यांच्या बिल्ल्याचा नंबर मास्तरांना पसंत होता ती, आणि उरलेली. मॅनेजरसाहेब उरलेल्यांत मोडत. त्यांना बिल्ला नव्हता, पण मोटार होती, आणि तिच्या नंबराला नऊने भाग जात असे. तेवढ्यावरून मास्तरांनी त्या गृहस्थांबद्दल जे मत बनवले ते शेवटपर्यंत बदलले नाही. बाकी सगळ्यांनी तेच मत दोन-तीन वर्षे पदरमोड करून, अनुभव घेऊन बनवले.

मास्तर म्हणजे आमचे टाइमकीपर. मी त्यांच्या हाताखालचा कारकून. वय सव्वीस, अंगात भरपूर आळस आणि तो लपवण्यापुरती हुशारी. साल चौपन्न-पंचावन्नचे. पिंपरी म्हणजे तेव्हा एक स्टेशन, कॅम्पातली सिंधी मंडळींची दुकाने आणि ज्वारीच्या रानात मध्येच उभे राहिलेले चार-दोन कारखाने. आमच्याकडे पाण्याचे पंप बनत. ते पाणी चढवत की नाही याबद्दल दुमत होते, पण हजेरी मात्र चोख असे, कारण ती मास्तरांकडे होती. सकाळी कामगार खिडकीतून आपला पितळी बिल्ला आत सरकवत. आम्ही तो फळ्यावरच्या खिळ्याला अडकवायचा आणि मस्टरवर मांडायचे: हजर तर एक, अर्धा दिवस तर अर्धा, गैरहजर तर शून्य. बिल्ला घेताना मास्तर कामगाराच्या तोंडाकडे कधीच बघत नसत. एकदा त्यांचा सख्खा मेहुणा भेटायला म्हणून खिडकीशी येऊन उभा राहिला, तर “बिल्ला?” म्हणून त्यांनी हात पुढे केला.

ज्या संख्येला एक आणि ती स्वतः यांखेरीज कशानेच भाग जात नाही, तिला शाळेच्या पुस्तकात मूळ संख्या म्हणतात. मास्तर तिला ‘अखंड’ म्हणत, आणि हा शब्द उच्चारताना त्यांचा आवाज एरवी कुणाच्या चारित्र्याबद्दल बोलताना होतो तसा होई. नवे बिल्ले वाटायचे काम त्यांच्याकडे होते. माणूस मनात भरला की ते त्याला अखंड नंबर देत. त्याला त्याचा पत्ताही नसे.

चिखलीहून सायकल मारत येणारा ओतकाम खात्यातला एक गडी होता. कामाला वाघ. एके दिवशी मास्तरांनी त्याला खिडकीशी थांबवले आणि हात जोडले.

“माफ करा हं. त्या दिवशी गर्दीत माझ्या हातून तुम्हाला एक्याण्णव दिला गेला.”

“का वो मास्तर? काय झालं त्याला?”

“दिसायला अखंड दिसतो. भलेभले फसतात. पण सात तेरा एक्याण्णव.”

गडी बिल्ला उलटासुलटा करून पाहू लागला. “म्हंजी फुटका हाय म्हना की.”

“फुटका नाही हो, भाग जातो इतकंच.”

“न्हाई न्हाई, आता मला ह्यो नगो. तुमी साळंतलं मानूस, उगं कशाला बोलाल?”

मास्तरांनी त्याला सत्त्याण्णव दिला. गडी दिवसभर तो बिल्ला लोकांना दाखवत फिरला आणि दुसऱ्या दिवशी खिडकीसमोर तीस माणसे रांगेत उभी. “मास्तर, माजा बगा की. हाय का अखंड?” मास्तरांनी एकेकाला खरे सांगितले. खरे सांगण्याची खोड ज्यांना असते त्यांना आपण ते कुणाला सांगतो आहोत याचे भान नसते. ज्यांचे बिल्ले भागले गेले त्यांतल्या कुणीतरी वर तक्रार केली, की टाइमकीपर कामगारांत उच्चनीच भेद करतो. मॅनेजरसाहेबांनी लेखी खुलासा मागवला. मास्तरांनी एका ओळीत दिला: “संख्येला जात नसते, भाजक असतात.” तो खुलासा फाइलीला लागला. आमच्या कारखान्याच्या फाइलीत अर्थ असलेले ते एकच वाक्य असावे.

ते पूर्वी खरोखरच शाळामास्तर होते. वीस वर्षे नोकरी केली आणि एका उदाहरणापायी सोडली. पुस्तकातले उत्तर चुकीचे छापले होते. तपासणीला आलेले साहेब म्हणाले, छापलेय तेच शिकवा, परीक्षेत तेच धरतात. मास्तरांनी खडू टेबलावर ठेवला आणि घरी गेले. हे मला त्यांच्या बायकोने सांगितले. चिंचवडला दोन खोल्यांत ते दोघेच राहत. “घरी आले ते हात धुतले आणि जेवायला बसले. मी विचारलं, एवढ्या लवकर? तर म्हणाले, उत्तर चुकलं होतं. मला वाटलं, कुणा पोराचं!”

बाईंना नवऱ्याचा राग नव्हता. रागावून भागत नाही हे त्यांना लग्नानंतर महिन्याभरातच कळले होते.

आता त्या संख्येकडे येतो. फिटिंग खात्यात अकरा माणसे. फिटर म्हटला की महिन्यातून दोन दांड्या ठरलेल्या. त्यातून कुणी मोशीचा, कुणाचे इंद्रायणीकाठी शेत, सुगीत तर नावच नको. पण एके दिवशी अकराच्या अकरा हजर झाले. मस्टरवर त्या तारखेखाली वरपासून खालपर्यंत एकाखाली एक असे अकरा एक उभे राहिले. दुसरा टाइमकीपर असता तर त्याने डोळे चोळले असते. मास्तरांनी मस्टर आडवे केले आणि ती एक संख्या म्हणून वाचली. ११११११११११११ नव्हे, ती बारा झाली. मोजून अकरा: १११११११११११. अकरा अब्ज, अकरा कोटी आणि पुढे सगळे तसेच.

“हिला भाग जातो का रे?” त्यांनी मला विचारले.

मी म्हटले, “जात असेल की.”

मास्तरांनी माझ्याकडे असे पाहिले, जणू मी त्यांच्या आईबद्दल काही बोललो होतो. मग पाटी ओढून मला शिकवणीच दिली. नुसते दोन एक, म्हणजे अकरा, अखंड. तीन एक: तीनने भाग जातो, सदतीस येतात. पाच एक: एक्केचाळीस गुणिले दोनशे एकाहत्तर. सात एक: दोनशे एकोणचाळीस गुणिले चार हजार सहाशे एकोणपन्नास. चार, सहा, आठ असे एक घेतले तर ते लहान गटांतच मोडतात, त्यांचा विचार नको. “म्हणजे आता नंबर अकरा एकांचा. दोन एकांनंतर सगळे फुटले. हे अकरा टिकतील असं मला वाटतं.”

“वाटतं म्हणजे?”

“म्हणजे माहीत नाही,” मास्तर म्हणाले. “वीस वर्षं मी दुसऱ्यांनी काढलेली उत्तरं शिकवली रे. एवढं एक मला स्वतः काढायचंय. कुणी सांगितलेलं नको, छापलेलं नको.”

ते हे इतक्या साधेपणाने म्हणाले, की मला चेष्टा सुचली नाही. ती दुसऱ्या दिवशी सुचली.

पद्धत अशी होती. सगळ्या अखंड संख्या ओळीने घ्यायच्या आणि त्या अकरा एकांना एकेकीने भागून पाहायचे. एक लाख पाच हजार चारशे नऊपर्यंत जायचे; त्याच्या पुढे नाही, कारण त्याहून मोठ्याने भाग जायचा असेल तर उत्तर त्याहून लहान येणार, आणि लहान सगळे तोवर तपासून झालेले. दगडी पाटीवर भागाकार मांडायचा, उरलेली बाकी तेवढी एका जाड वहीत भाजकासमोर लिहायची, बाजूला छोटी सही करायची, आणि ओल्या फडक्याने पाटी पुसायची. मधल्या सुट्टीत रोज दहा. अकरावा नाही. मी एकदा म्हटले, आज वेळ आहे, बारा करून टाका, तर म्हणाले, “ओव्हरटाइमने घाईची सवय लागते.” कारखान्यात ओव्हरटाइम नाकारणारा तो एकमेव माणूस.

रोजच्या दहाने साधारण सव्वातीन वर्षे लागणार होती. वहीत एकदा जरी बाकी शून्य आली, तर संख्या फुटली. मास्तर प्रत्येक भागाकाराच्या शेवटच्या वजाबाकीला श्वास रोखत. मी समोर बसून चहा पीत असे.

आठ-नऊ महिने झाले. मास्तर वीस हजारांच्या पुढे आले आणि त्यांचा डावा डोळा मोतीबिंदूने गेल्यातच जमा झाला. पुण्याला दवाखान्यात ऑपरेशन ठरले. जन्मात पहिली रजा. जायच्या आदल्या दिवशी त्यांनी वही माझ्यासमोर ठेवली. एकवीस हजार ते बावीस हजार यांमधल्या शंभरेक अखंड संख्या त्यांनी डाव्या बाजूला लिहून ठेवल्या होत्या. उजवी बाजू कोरी.

“एवढ्या तू कर. तुझं अक्षर चांगलं आहे आणि तुला कशाची घाई नसते.”

माझ्या आळसाला कुणी धीर समजल्याची ही पहिलीच वेळ होती. मला भरून आले. मी म्हटले, “मास्तर, तुम्ही निर्धास्त जा.”

पहिल्या दिवशी मी दहा भागाकार केले. दुसऱ्या दिवशी दहा. तिसऱ्या दिवशी तीन केले, आणि कॅम्पातल्या हॉटेलात कॅरमचे सामने लागले होते ते आठवले. अकरा आकडी संख्येला पाच आकडी संख्येने भागणे हे काही माणसाचे काम नव्हे. आणि तसे पाहिले तर आजवर दोन हजारांवर भागाकार झाले होते, एकातही शून्य आले नव्हते. ते नेमके माझ्याच शंभरात कशाला येईल? हा युक्तिवाद मला इतका पटला की मी समोरच्या फळ्याकडे पाहिले, दोन बिल्ल्यांचे नंबर जोडून एक आकडा केला आणि बाकी म्हणून लिहून टाकला. मग दुसरा. बाकी भाजकापेक्षा लहान असली पाहिजे, हे पथ्य मी कटाक्षाने पाळले. शून्य अर्थात कुठेच लिहिले नाही. शून्य लिहिले असते तर गाजावाजा झाला असता. ऐंशीच्या आसपास आकडे मी रोज दहा-दहा करून लिहिले, प्रत्येकापुढे सही केली, आणि पाटी कोरडीच ठेवली. कॅरममध्ये मी दुसऱ्या फेरीत हरलो.

दवाखान्यात भेटायला गेलो. डोळ्यांवर पट्ट्या, डोके हलू नये म्हणून दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, मधे मास्तर.

“आज किती?”

“दहा.”

“शून्य?”

“नाही.”

मास्तरांनी सोडलेला श्वास अजून माझ्या कानात आहे. डोळे बांधलेल्या माणसाशी खोटे बोलायला फार सोपे जाते, फक्त आवाज सांभाळावा लागतो. माझा सांभाळला गेला. बाई पलीकडे मोसंबी सोलत बसल्या होत्या. त्यांनी मला अर्धे दिले आणि मी ते खाल्ले.

डावा डोळा हाती लागला नाही. डॉक्टरांनी बजावले, की उरलेला डोळा जपा, बारीक काम बंद. मास्तर जाड भिंगाचा चष्मा लावून आले आणि दुसऱ्या दिवशी बावीस हजारांच्या पुढच्या पहिल्या अखंड संख्येपासून सुरू झाले. बाई माझ्यापाशी कुरकुरल्या. मी मास्तरांना सांगून पाहिले, तर म्हणाले, “रोज दहाच तर करतो.” असे त्यांनी अडीच वर्षे केले. पाटी आधी टेबलावर असे, मग मांडीवर आली, मग हातात धरून तोंडाजवळ. मी समोर चहा पीत होतो, पण पूर्वीइतका गोड लागत नव्हता.

सत्तावन्न सालच्या हिवाळ्यात एका दुपारी त्यांनी शेवटची बाकी लिहिली आणि वही मिटली. दुसऱ्या दिवशी पेढे आणले आणि स्वतः फिटिंग खात्यात जाऊन अकरा जणांना वाटले.

“कशाचं वो पेढं?” एका फिटरने विचारले.

“अकरा एकांना कशानेच भाग जात नाही.”

“आसं व्हय? आमाला वाटलं बोनस लागला.”

पुण्यातल्या एका कॉलेजात गणिताचे एक प्रोफेसर होते. मास्तरांनी त्यांना पत्र घातले. संख्या, पद्धत, किती भागाकार झाले ते सगळे. आणि शेवटी, ‘माझ्या आजारपणात माझे तरुण सहकारी यांनी शंभर भागाकार करून दिले, त्यांचा उल्लेख करणे माझे कर्तव्य आहे.’ पत्राची प्रत त्यांनी मला वाचायला दिली. मी वाचून “छान झालंय” म्हटले.

उत्तर बारा-तेरा दिवसांनी कारखान्याच्या पत्त्यावर आले. मास्तरांना एव्हाना हस्ताक्षर वाचता येत नव्हते. म्हणाले, “वाच.”

मी मोठ्याने वाचू लागलो. “‘आपल्या चिकाटीचे कौतुक वाटते. तथापि सदर संख्येस २१६४९ या संख्येने’...” इथे मी थांबलो. एकवीस हजार सहाशे एकोणपन्नास. पुढची ओळ मला दिसत होती आणि मास्तरांना दिसत नव्हती. तिथे मला काहीही वाचता आले असते. आजवरच्या माझ्या लौकिकाला तेच शोभले असते. पण मी वाचले. “‘...निःशेष भाग जातो. भागाकार ५१३२३९ येतो. शिवाय अशा संख्येच्या प्रत्येक मूळ भाजकाला बावीसने भागल्यास बाकी एक उरते. सबब इतर संख्या तपासण्याचे कारण नव्हते.’” म्हणजे सगळे काम रोज दहाच्याच हिशेबाने महिन्याभराचे होते.

“पाटी दे,” मास्तर म्हणाले.

पाटी नाकाशी धरून त्यांनी भागाकार मांडला. सात-आठ मिनिटे गेली. शेवटची वजाबाकी झाली आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला.

“शून्य! अरे, शून्य आलं! बघ, बघ! जातो की रे भाग!” सव्वातीन वर्षांत पहिल्यांदा पाटीवर शून्य उमटले होते, आणि आपली संख्या फुटली याचे दुःख करायच्या आधी हा माणूस ते सापडल्याच्या आनंदात होता. मग त्यांचा हात वहीकडे गेला आणि मध्येच थांबला.

“एकवीस हजार...” ते म्हणाले. “तेव्हा मी दवाखान्यात होतो.”

मी म्हटले, “मास्तर, पहिले तेवीस मी केले. पुढचे केलेच नाहीत. मनाने आकडे लिहिले.”

त्यांनी वही उघडलीच नाही. मी शिव्यांची वाट पाहत होतो. मला त्या हव्या होत्या. मी कितीतरी वर्षे असा कशासाठी आसुसलो नव्हतो.

“आकडे सुचायचे कसे?” त्यांनी विचारले. खरेच जाणून घ्यायचे होते त्यांना.

“बिल्ल्यांचे नंबर जोडून.”

“हं,” मास्तर म्हणाले. मग, “कागद घ्या. पत्र लिहायचंय.”

तीन वर्षे ते मला अरे-तुरे करत होते. मी कागद घेतला. त्यांनी सांगितले: “आपले म्हणणे बरोबर आहे. सदर भागाकार आमच्याकडून झालेला नव्हता. तसदीबद्दल क्षमा असावी.”

“मास्तर, ‘आमच्याकडून’ नको. माझ्याकडून.”

“वही माझी आहे,” ते म्हणाले. “लिहा तुम्ही.”

त्या रविवारी मी चिंचवडला गेलो. का गेलो ते मलाही सांगता येणार नाही. बहुधा बाईंकडून तरी काही ऐकायला मिळेल म्हणून. बाईंना काही ठाऊक नव्हते. त्यांनी चहा केला. म्हणाल्या, “दुसराही डोळा आता राहत नाही म्हणतात डॉक्टर. अडीच वर्षं मी कानीकपाळी ओरडत होते, तर म्हणायचे, आता थोडंच राहिलंय. तेव्हा दवाखान्यात तुम्ही ते काम अंगावर घेतलंत म्हणून निदान दहा दिवस स्वस्थ पडले हो. नाहीतर पट्टीखालूनसुद्धा मोजत बसले असते.”

मास्तर शेजारीच बसले होते. त्यांनी बशीत चहा ओतला आणि बाईंना म्हणाले, “साखर जरा कमी आहे.” एवढेच. मी त्या दिवशी दोन कप चहा प्यालो, कारण नको म्हणायला तोंड उघडावे लागले असते.

मी सहकारी होतो, कारखान्यातले सगळे मला हुशार म्हणत, आणि ह्या माणसाच्या उरलेल्या डोळ्याची अडीच वर्षे मी कॅरमच्या दोन फेऱ्यांसाठी खर्च केली होती. हे असे स्पष्ट लिहायला मला इतकी वर्षे लागली.

सोमवारी मास्तरांनी तेरा एक घेतले. दुसऱ्या दिवशी सहाव्याच भागाकाराला त्रेपन्नने भाग गेला. त्यांनी सतरा घेतले. सतरा एकांसाठी साडेदहा कोटींपर्यंत जायला हवे होते. प्रोफेसरांची बावीसची युक्ती त्यांनी स्वतःच विचार करून चौतीसला बसवली होती. त्या सवलतीनंतरही रोजच्या दहाने शतक पुरले नसते. मी म्हटले, “मास्तर, अर्धे मला द्या. पाटीवर करतो, तुमच्यासमोर करतो, पुसत नाही.”

“नको,” ते अगदी सौजन्याने म्हणाले. “तुम्हाला आपली कामं असतात.”

मग मधल्या सुट्टीत ते पाटी नाकाला लावून बसत आणि मी समोर. एकदा पाटी माझ्या बाजूला कलली होती म्हणून मला सगळे दिसत होते. तिसऱ्या ओळीत ते हातचा धरायला विसरले. पुढची प्रत्येक ओळ चुकत गेली. मी तोंड उघडले. मास्तरांनी मान वर केली, थांबले, मी काय म्हणतो याची वाट पाहिली.

“काही नाही,” मी म्हटले.

त्यांनी ती चुकीची बाकी वहीत लिहिली, पुढे सही केली, ओल्या फडक्याने पाटी पुसली आणि पुढचा भाजक मांडला.